प्रोसेसर अडतो तेव्हा

एका सेकंदात अब्जावधी आज्ञा पार पाडण्याची ज्याची शक्ती आहे, त्या प्रोसेसरपुढेही अशी एखादी आज्ञा केव्हातरी येऊन ठेपतेच, की जी पार पाडणे त्याच्या हाती नसते. त्याला शून्याने भागावयास सांगितलेले असते, किंवा मेमरीतील जे पान वाचावयाचे ते पान तेथे हजर नसते, किंवा जे करण्याची मुभा केवळ ऑपरेटिंग सिस्टीमला आहे ते एखाद्या सामान्य प्रोग्रॅमने करू पाहिलेले असते. अशा क्षणी प्रोसेसर हातातले काम तेथेच सोडतो आणि कर्नेलकडे, म्हणजे यंत्राची सारी मुखत्यारी ज्याच्याकडे आहे त्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याकडे, प्रकरण वर्ग करतो. अभियंते या घटनेला एक्सेप्शन म्हणतात. ती घडल्यावर कर्नेलने काय करावे याविषयी दोन पक्ष संभवतात. आणि ते दोन्ही पक्ष, परस्परांविषयी पूर्ण आदर राखून परंतु आपापल्या जागेवर ठाम राहून मांडले गेलेले, मला जालन्यातील एकाच घरात ऐकावयास मिळाले.

घर कुंडलिकेच्या काठच्या जुन्या जालन्यातले. यजमान माझे जुने स्नेही. औद्योगिक वसाहतीतील एका रोलिंग मिलचा विद्युत विभाग सांभाळण्यात त्यांची सारी नोकरी गेली. मोसंबी आणि बियाणे यांच्या जोडीने ज्या लोखंडी सळयांसाठी हा जिल्हा ओळखला जातो, त्या सळया तयार होताना कोणत्या क्षणी काय बिघडू शकते याचे त्यांच्याइतके सूक्ष्म ज्ञान मी दुसऱ्या कोणापाशी पाहिलेले नाही. त्यांची भाची पुण्यास एका संगणक कंपनीत लिनक्स कर्नेलच्या अगदी तळच्या थरावर, जेथे प्रोसेसरचा अंमल संपतो आणि प्रणालीचा सुरू होतो त्या सीमेवर, काम करते. ती सुटीत मामांकडे आली असता हा संवाद झाला. शब्दयोजना माझी आहे. मते ज्याची त्याची.

मामा : माझा पक्ष सरळ आहे. आपण काय करतो आहोत हे ज्या यंत्राला क्षणभरही कळेनासे झाले, त्याने त्याच क्षणी थांबावे. मिलमध्ये मोटरवरचा भार मर्यादेपलीकडे गेला की रिले ट्रिप होतो आणि मोटर थांबते. भार का वाढला, बेअरिंग धरले की बिलेट पुरेसा तापला नव्हता, हा शोध माणसे मागाहून घेतात. तो रिलेने घेत बसावा अशी अपेक्षा कोणी करीत नाही. कर्नेलला याहून निराळा न्याय कशासाठी?

भाची : कारण तुमच्या रिलेपुढे येणारा प्रसंग बहुतेक वेळा खरोखरच बिघाडाचा असतो, मामा, कर्नेलपुढे येणाऱ्या एक्सेप्शनांपैकी बहुसंख्य बिघाडाची नसतातच. एखादा प्रोग्रॅम सुरू करताना कर्नेल तो संपूर्ण डिस्कवरून मेमरीत आणून ठेवीत नाही. त्याची मेमरी चार-चार किलोबाइटच्या पानांत विभागलेली असते, आणि त्यांतील बहुतेक पानांपुढे कर्नेलने पानांच्या तक्त्यात ‘हजर नाही’ एवढीच नोंद करून ठेवलेली असते. प्रोग्रॅमने अशा पानाला प्रथम हात लावला की प्रोसेसर अडतो. कर्नेल ते पान आणतो, तक्त्यातील नोंद बदलतो, आणि जी आज्ञा अडली होती तीच पुन्हा चालवावयास सांगतो. आपण मध्येच थांबलो होतो हे त्या प्रोग्रॅमला कधीही कळत नाही. एका प्रोसेसपासून दुसरी प्रोसेस निर्माण करतानाही तसेच: दोघींना मेमरी सामाईक देऊन तिच्यावर केवळ वाचण्याची मुभा ठेवतात, आणि ज्या पानावर दोघींपैकी कोणी लिहू पाहील तेवढ्याच पानाची नक्कल त्या एक्सेप्शनच्या वेळी तयार करतात. तुमच्या रिलेच्या न्यायाने कर्नेल वागला, तर आज एकही प्रोग्रॅम पूर्णत्वास जाणार नाही.

मामा : म्हणजे रोजचा व्यवहार आणि खरा बिघाड हे दोन्ही एकाच वाटेने कर्नेलकडे येतात, असे तू सांगतेस. मग माझी हरकत अधिकच बळकट झाली. त्यांतला भेद त्याने ओळखावा कशावरून?

भाची : प्रोसेसरने त्या क्षणी जी नोंद ठेवली तिच्यावरून. आपल्या घरोघरीच्या संगणकांत असतो त्या एक्स८६ घराण्याच्या प्रोसेसरचे पाहू. त्याच्यासाठी कर्नेलने मेमरीत २५६ नोंदींचा एक तक्ता आगाऊ मांडून ठेवलेला असतो. पहिल्या ३२ नोंदी प्रोसेसरच्या स्वतःच्या एक्सेप्शनांसाठी राखीव आहेत. शून्याने भागाकार हा क्रमांक ०, अज्ञात आज्ञा क्रमांक ६, अधिकारभंग क्रमांक १३, पेज फॉल्ट क्रमांक १४. एक्सेप्शन घडताच प्रोसेसर त्या क्रमांकाची नोंद पाहतो आणि तेथे लिहिलेल्या पत्त्याकडे वळतो. परंतु वळण्यापूर्वी, युजर मोडमधून, म्हणजे सामान्य प्रोग्रॅममधून, येत असेल तर, तो आपला स्टॅक, म्हणजे तात्पुरत्या नोंदींची मेमरीतील जागा, बदलतो. प्रोग्रॅमच्या स्टॅकवर त्याचा विश्वास नसतो. कर्नेलने नेमून दिलेल्या निराळ्या स्टॅकवर तो पाच गोष्टी क्रमाने लिहितो: जुन्या स्टॅकचा विभाग आणि त्याचा पत्ता, ध्वजांचे रजिस्टर, कोडचा विभाग, आणि आज्ञेचा पत्ता. काही एक्सेप्शनांत सहावी गोष्ट म्हणून कारणदर्शक अंकही लिहितो. पेज फॉल्टमध्ये त्या अंकाचा पहिला बिट सांगतो की पान गैरहजर होते की हजर असून मुभा नव्हती. दुसरा सांगतो की वाचावयाचे होते की लिहावयाचे. तिसरा सांगतो की हे सामान्य प्रोग्रॅमने केले की खुद्द कर्नेलने. आणि कोणत्या पत्त्यावर अडले, तो पत्ता सीआर२ नावाच्या रजिस्टरात, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या एका छोट्या खणात, ठेवलेला असतो.

मामा : एवढ्यावरून निवाडा होतो?

भाची : एवढ्यावरून आणि कर्नेलच्या स्वतःच्या दप्तरावरून. त्या प्रोसेसला मेमरीचे कोणते पट्टे दिले आहेत याची यादी कर्नेलपाशी असते. पत्ता त्या यादीत बसत असेल तर पान आणून द्यावयाचे. बसत नसेल तर त्या प्रोसेसला सिग्नल पाठवावयाचा, आणि तिने त्याची काही तजवीज केलेली नसेल तर ती प्रोसेस बरखास्त करावयाची. शेजारच्या शंभर प्रोसेस मात्र चालूच राहतात. मिलमध्ये कॉबल झाला, तापलेली सळई पुढच्या स्टँडमध्ये न शिरता बाहेर उसळून तिचा गुंता झाला, तर तुम्ही सारा कारखाना बंद करीत होता का?

मामा : नाही. मागून येणारा माल शिअरने कापावयाचा, नवा बिलेट सोडावयाचा नाही, तेवढी लाइन उभी करून गुंता काढावयाचा. भट्टी विझवीत नाहीत. पण तेथे गुंता डोळ्यांना दिसतो, बाई. तू म्हणतेस ती नोंद मात्र ज्या प्रोसेसरचे काम नुकतेच अडले त्यानेच लिहिलेली. आणि पुढचे असे, की पाच-सहा गोष्टी त्याने लिहिल्या. बाकीच्या रजिस्टरांत प्रोग्रॅमचे अर्धवट हिशेब पडलेले असणार. कर्नेलला काही करावयाचे म्हटले की त्याच रजिस्टरांना हात लावावा लागेल. हात लावला की ते हिशेब पुसले जाणार.

येथे भाचीने मान डोलावली, आणि मला वाटते, मामांविषयीचा तिचा आदर त्या क्षणी वाढला. कारण हा प्रश्न या विषयाच्या मर्मावरच बोट ठेवणारा होता. कर्नेलच्या लक्षावधी ओळींपैकी जवळजवळ सर्व ओळी सी भाषेत लिहिलेल्या असतात. पण सी भाषेचा कंपायलर रजिस्टरे आपलीच समजून वापरतो. म्हणून एक्सेप्शननंतरच्या पहिल्या काही आज्ञा थेट प्रोसेसरच्या असेंब्ली भाषेतच लिहाव्या लागतात, आणि त्यांच्यावर फार मोठी जबाबदारी असते.

भाची : त्या पहिल्या आज्ञांचे काम निवाडा करण्याचे नाही, नोंद पूर्ण करण्याचे आहे. ज्या एक्सेप्शनांत प्रोसेसर कारणदर्शक अंक लिहीत नाही, तेथे आधी त्या जागी एक रिकामा अंक लिहावयाचा, म्हणजे सर्व नोंदींचा आकार एकच राहील. मग एकेक करून उरलेली सारी रजिस्टरे त्याच स्टॅकवर ठेवावयाची. त्यानंतर प्रोसेसरने लिहिलेल्या कोडच्या विभागाचे शेवटचे दोन बिट पाहावयाचे: तेथे तीन असेल तर आपण सामान्य प्रोग्रॅममधून आलो, शून्य असेल तर कर्नेलमधूनच. सामान्य प्रोग्रॅममधून आलो असू तर, कर्नेल ज्याच्या आधारे आपले दप्तर शोधतो ते जीएस हे रजिस्टर बदलून कर्नेलचे करावयाचे. कर्नेलमधून आलो असू तर ते आधीच बदललेले आहे, त्याला हात लावावयाचा नाही. ही एक आज्ञा एकदा अधिक किंवा एकदा कमी झाली, तर कर्नेल प्रोग्रॅमने दिलेल्या पत्त्याला आपले दप्तर समजून वाचू लागेल. सुरक्षेला याहून मोठे भगदाड नाही. एवढे झाल्यावर मगच सी भाषेतील फंक्शनला बोलावावयाचे आणि त्याच्या हाती त्या संपूर्ण नोंदीचा पत्ता द्यावयाचा. काम आटोपले की त्याच क्रमाने उलट जाऊन सारी रजिस्टरे जशीच्या तशी परत करावयाची, आणि आयरेट या एका आज्ञेने प्रोसेसरला होता त्या जागी रवाना करावयाचे.

मामा : आणि नोंद अपुरी राहिली तर?

भाची : तर सगळा विचारच खुंटतो, आणि याला इतिहासाचा दाखला आहे. मोटोरोला कंपनीचा ६८००० हा प्रोसेसर १९७९ साली आला. त्या काळच्या मानाने तो फार सुंदर होता. पण मेमरीचे पान हजर नाही असे कळल्यावर तो जी नोंद ठेवीत असे, ती अडलेली आज्ञा पुन्हा अचूक चालविण्यास पुरेशी नव्हती. आज्ञा अर्धी झालेली, पत्ता पुढे सरकलेला, आणि कोणते अर्धे झाले हे सांगावयास कोणी नाही. अपोलो कंपनीने आपल्या सुरुवातीच्या वर्कस्टेशनमध्ये यावर उपाय म्हणून दोन ६८००० बसवले: एक अडला की त्याला तसाच रोखून धरावयाचा, आणि दुसऱ्याने पान आणून द्यावयाचे. १९८२ च्या ६८०१० मध्ये नोंद पूर्ण केली गेली आणि दुसऱ्या प्रोसेसरची गरज उरली नाही. थांबावे की पुढे जावे हा तुमचा-माझा वाद, मामा, नोंद पूर्ण असेल तरच संभवतो. ६८००० ला थांबण्यावाचून गत्यंतर नव्हते.

मामा : हे मला मान्य आहे, आणि तू म्हणतेस त्याहून अधिक मान्य आहे. पण तू पाहा, ती सारी नोंद कोठे लिहिली जाते? स्टॅकवर. स्टॅकच बिघडला असेल तर?

भाची : त्याचाही विचार झालेला आहे. एका एक्सेप्शनची नोंद लिहितानाच दुसरे असे एक्सेप्शन आले की प्रोसेसर क्रमांक ८ चे, डबल फॉल्टचे, एक्सेप्शन उभे करतो. ६४ बिटांच्या एक्स८६ मध्ये अशा निवडक प्रसंगांसाठी सात वेगळे स्टॅक नेमून ठेवण्याची सोय आहे. डबल फॉल्ट त्यांतील एका स्वच्छ स्टॅकवर जातो. तेथे मात्र कर्नेल दुरुस्तीचा प्रयत्न करीत नाही. काय झाले ते लिहितो आणि थांबतो. आणि डबल फॉल्टची नोंद लिहितानाही अडले, तर तो ट्रिपल फॉल्ट. त्याच्यासाठी तक्त्यात नोंदच नाही. प्रोसेसर स्वतःच बंद पडतो आणि यंत्र पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

मामा : म्हणजे अखेर माझा रिले आलाच.

भाची : आला, पण अखेरीस आला. तुम्ही त्याला आरंभी बसवीत होता.

थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग मामांनी विचारले, की हे सारे परदेशी प्रोसेसरांचे झाले. आपल्याकडे कोणी असे काही घडवले आहे काय, आणि घडवले असेल तर त्यांनी कोणता पक्ष स्वीकारला? या प्रश्नाचे उत्तर मला स्वतःला फार महत्त्वाचे वाटले, म्हणून ते सविस्तर देतो. मुंबईच्या आयआयटीत प्रा. माधव देसाई यांच्या नेतृत्वाखाली घडवलेला ‘अजित’ हा प्रोसेसर २०१९ मध्ये लोकांपुढे आला; मोहालीच्या सेमी-कंडक्टर लॅबोरेटरीत १८० नॅनोमीटरच्या तंत्राने त्याची चिप काढण्यात आली. त्याने आज्ञासंच नवा न शोधता ‘स्पार्क’च्या आठव्या आवृत्तीचा खुला आज्ञासंच पत्करला, आणि एक्सेप्शनविषयी त्या आज्ञासंचाचे नियम एक्स८६ हून पुष्कळच निराळे आहेत.

भाची : स्पार्कमध्ये प्रोसेसर स्टॅकवर काहीच लिहीत नाही. रजिस्टरांच्या अनेक खिडक्या, म्हणजे गट, असतात. एक्सेप्शन घडताच प्रोसेसर एक खिडकी पुढे सरकतो आणि अडलेल्या आज्ञेचा व तिच्या पुढच्या आज्ञेचा पत्ता नव्या खिडकीतील दोन रजिस्टरांत ठेवतो. मेमरीला हात न लावताच नोंद होते, म्हणून तुमची बिघडलेल्या स्टॅकची भीती या पहिल्या पावलापुरती तरी तेथे उरत नाही. तक्त्यात पुन्हा २५६ जागा, पण प्रत्येक जागेत पत्ता नसून थेट चार आज्ञा मावतात. त्या चारांत कर्नेलने पुढची वाट धरावयाची.

मामा : आणि खिडक्या संपल्या तर?

भाची : तेच तर सांगणार होते. फंक्शनामागून फंक्शन बोलावले गेले आणि खिडक्या संपल्या, की ‘विंडो ओव्हरफ्लो’ हे एक्सेप्शन घडते; कर्नेल सर्वांत जुनी खिडकी मेमरीत नेऊन ठेवतो आणि काम पुढे चालू होते. हे बिघाडाचे लक्षण नाहीच; निर्दोष प्रोग्रॅमच्या रोजच्या चालण्यात हे वारंवार घडते. माझ्या पक्षाला याहून स्पष्ट पुरावा मी शोधूनही देऊ शकले नसते. पण त्याच आज्ञासंचात तुमचाही पक्ष लिहून ठेवलेला आहे. एक्सेप्शन घडताच प्रोसेसर एक बिट शून्य करतो. याचा अर्थ, कर्नेलची नोंद पुरी होऊन तो बिट पुन्हा एक होईपर्यंत दुसरे एक्सेप्शन खपवून घेतले जाणार नाही. त्या अवधीत कर्नेलच्याच आज्ञेने दुसरे एक्सेप्शन ओढवले, तर प्रोसेसर ‘एरर मोड’मध्ये जातो आणि थांबतो. डबल फॉल्ट नाही, वेगळा स्टॅक नाही, दुसरी संधी नाही.

मामा : हा नियम ज्याने केला त्याने कधीतरी मिलमध्ये काम केलेले असावे. नोंद पुरी होण्याआधीच जो चुकतो त्याच्यावर विसंबता येत नाही.

मामांचे हे वाक्य मी जसेच्या तसे लिहिले आहे, कारण संवादाचा रोख येथून बदलला. तोपर्यंत ते ‘थांबावे’ म्हणत होते आणि ती ‘पुढे जावे’ म्हणत होती. आता दोघेही, नोंद कोणत्या अवस्थेत आहे असे विचारू लागले. तरीही वाद मिटला नव्हता, आणि भाचीनेच तो पुढच्या टप्प्यावर नेला.

भाची : पण नोंद उत्तम असूनही थांबणे घातक ठरलेले आहे. ४ जून १९९६ रोजी युरोपचा आरियान ५ हा अग्निबाण आपल्या पहिल्याच उड्डाणात, उण्यापुऱ्या चाळीस सेकंदांत, मार्ग सोडून फुटला. दिशा मोजणाऱ्या संगणकात ६४ बिटांचा एक दशांशयुक्त आकडा १६ बिटांच्या पूर्णांकात बसवावयाचा होता. तो बसला नाही आणि एक्सेप्शन घडले. असे रूपांतर होणाऱ्या सात आकड्यांपैकी चारांना संरक्षण दिलेले होते, तिघांना दिलेले नव्हते. नियम असा होता, की कोणतेही एक्सेप्शन घडल्यास इतरांना दोष कळवावा, त्या क्षणाचा तपशील न पुसल्या जाणाऱ्या मेमरीत लिहावा, आणि प्रोसेसर बंद करावा. नियम तंतोतंत पाळला गेला. जोडीचा राखीव संगणक त्याच कारणाने क्षणभर आधीच बंद पडला होता. मुख्य संगणकाने त्या दोषाच्या आकड्यांना दिशेचे आकडे समजून अग्निबाण वळवला. आणि ज्या गणितात हे घडले, ते गणित उड्डाणानंतर कोणाच्याही उपयोगाचे नव्हते. तुमचा रिले, मामा, तेथे अक्षरशः बसवलेला होता.

मामा : ऐकून वाईट वाटले. पण मला सांग, हे सारे तुला इतक्या तपशिलाने कसे कळले?

भाची : चौकशी समितीने शोधले. तो संगणक अवशेषांत सापडला, आणि त्याच्या मेमरीत लिहिलेला तपशील वाचता आला.

मामा : म्हणजे थांबण्यापूर्वी त्याने नोंद ठेवली, म्हणून दोष कोठला ते कळले. थांबणे चुकले असेल, मी ते नाकारीत नाही. जमिनीवरची मोटर थांबली तर फार तर उत्पादन बुडते. आकाशात थांबायला जागा नसते, हे माझ्या ध्यानात आले नव्हते. पण आता मी तुला उलट विचारतो. १९ जुलै २०२४ ला जगभर विंडोजचे संगणक निळे पडले, विमानतळांवर आपल्या लोकांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास घ्यावे लागले. तेथे तर कर्नेलच थांबला. तुझ्या न्यायाने त्याने पुढे जावयास हवे होते की नाही?

भाची : नाही. तेथे कर्नेल थांबला हे योग्यच झाले.

हे उत्तर मामांना अपेक्षित नव्हते.

भाची : क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीचा एक भाग कर्नेलच्या आत, कर्नेलच्याच अधिकाराने चालत असे. त्याला आलेल्या नव्या फाइलमुळे त्याने वीस रकान्यांच्या यादीतील एकविसावा रकाना वाचावयास घेतला. जो पत्ता हाती लागला तेथे काहीच नव्हते, आणि पेज फॉल्ट घडला. कारणदर्शक अंकाचा तिसरा बिट शून्य होता, म्हणजे कर्नेलमधून आलेला. सामान्य प्रोग्रॅम असता तर तेवढाच बरखास्त झाला असता. परंतु कर्नेलच्या आत साऱ्यांची मेमरी एकच असते. जो चुकीचे वाचतो त्याने त्याआधी कोठे चुकीचे लिहिले नसेल याची हमी कोण देणार? तसेच पुढे गेले तर डिस्कवरचा डेटाही नासण्याचा संभव. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख यंत्रे बंद पडली, आणि यंत्र सुरू होतानाच तो भाग सुरू होत असल्याने बहुतेक यंत्रे पुनःपुन्हा पडत राहिली. असंख्य ठिकाणी माणसाला एकेका यंत्रापाशी बसून ती फाइल काढावी लागली. हानी मोठी झाली. परंतु ती थांबण्याची हानी नव्हे. ज्याची पुरेशी तपासणी झाली नाही अशा मजकुराला कर्नेलच्या आत प्रवेश दिला, त्याची ती हानी होती.

मामा : मग कर्नेलच्या आत घडलेले प्रत्येक एक्सेप्शन प्राणघातकच समजावयाचे?

भाची : तसेही नाही. लिनक्समध्ये याची जी तजवीज आहे तिच्याइतकी विचारी योजना मी दुसरी पाहिली नाही. प्रोग्रॅमने कर्नेलला एखादा पत्ता देऊन ‘येथले वाचा’ असे सांगितले, तर तो पत्ता खोटा असू शकतो हे कर्नेलला ठाऊक असते. पण प्रत्येक वेळी आधी खातरजमा करीत बसणे परवडत नाही, शिवाय खातरजमा आणि वाचन यांच्या मधल्या क्षणात पान नाहीसे होऊ शकते. म्हणून कर्नेल सरळ वाचतो. मात्र अशा ज्या ज्या आज्ञा आहेत, त्यांच्या पत्त्यांचा एक तक्ता कर्नेल तयार होतानाच बांधला जातो, आणि प्रत्येकीपुढे ‘येथे अडल्यास तिकडे जावे’ असा दुसरा पत्ता लिहिलेला असतो. कर्नेलमध्ये असा पेज फॉल्ट घडला आणि पान आणून तो मिटण्यासारखा नसला, की कर्नेल हा तक्ता पाहतो. अडलेली आज्ञा त्यात सापडली, तर प्रोग्रॅमला ‘पत्ता चुकीचा’ एवढे उत्तर देऊन काम पुढे चालते. सापडली नाही, तर ती अकल्पित घटना. मग क्षमा नाही.

मामा : अडण्याची जागा जर कोणी आधीच विचारपूर्वक लिहून ठेवली असेल, तर पुढे जावे, नसेल तर थांबावे. हे मला पटते. इतका वेळ तू हे का बोलली नाहीस?

भाची : तुम्ही आरियानपर्यंत येऊ द्याल की नाही याची शंका होती. त्या तीन आकड्यांपुढे असे काहीच लिहिलेले नव्हते.

मामा : आता शेवटचे विचारतो. प्रोग्रॅम चुकेल, कर्नेल चुकेल. पण प्रोसेसरच चुकला तर? नोंद लिहिणाराच खोटा निघाला तर तुमची सारी इमारत कशावर उभी?

भाची : तेही घडले आहे. १९९७ च्या नोव्हेंबरात उघडकीस आले की पेंटियम प्रोसेसरला एक विशिष्ट अवैध आज्ञा दिली, तर तो क्रमांक ६ चे एक्सेप्शन उभे करण्याऐवजी जागीच गोठतो. कोणताही सामान्य प्रोग्रॅम, कसलाही अधिकार नसताना, सारे यंत्र बंद पाडू शकत होता. विकलेले प्रोसेसर तर परत येणार नव्हते. तेव्हा अशी युक्ती निघाली: एक्सेप्शनांचा तक्ता मेमरीत अशा रीतीने मांडावयाचा, की पहिल्या सात नोंदी एका पानाच्या टोकाला येतील आणि बाकीच्या पुढच्या पानावर, मग पहिल्या पानाची मुभा काढून घ्यावयाची. ती अवैध आज्ञा आली की प्रोसेसर क्रमांक ६ ची नोंद पाहावयास जातो, आणि गोठण्यापूर्वीच त्या पानावर पेज फॉल्ट घडतो. त्याची नोंद दुसऱ्या पानावर शाबूत असते. कर्नेल पत्ता पाहून ओळखतो की हा खरा पेज फॉल्ट नव्हे, आणि त्या प्रोग्रॅमला अवैध आज्ञेचा दोष लावून बरखास्त करतो. लिनक्सनेही याच तत्त्वावर, तो तक्ता केवळ वाचनापुरता ठेवून, उपाय केला. प्रोसेसरचा दोष एक्सेप्शनच्याच साहाय्याने झाकला गेला.

मामा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, की हे अलौकिक आहे. परंतु ज्या संगणकावर मिलची मोटर आणि भट्टी चालते, ज्याच्या एका चुकीने माणूस भाजू शकतो, त्याच्या कर्नेलमध्ये अकल्पित असे काही घडले तर तो थांबावा हा आपला आग्रह कायम आहे. भाचीने सांगितले, की लिनक्सने हा निर्णय यंत्राच्या मालकावरच सोपवला आहे: ‘पॅनिक ऑन ऊप्स’ हा अंक शून्य ठेवला तर अनेक प्रसंगी कर्नेल दोषी प्रोसेस तेवढी बरखास्त करून पुढे चालण्याचा प्रयत्न करतो, एक ठेवला तर लगेच थांबतो. मामांनी त्यांच्या यंत्रावर एक ठेवावा, तिच्या टेबलावरच्या संगणकावर शून्य राहील.

माझे स्वतःचे मत मागितले तर मी या प्रश्नात भाचीकडे झुकतो, पण मामांची अट तिच्यावर घालून. जेथे अडण्याची जागा आगाऊ लिहिलेली आहे तेथे कर्नेलने निःशंक पुढे जावे. जेथे नाही, तेथे नोंद पुरी करून थांबावे. आणि अग्निबाणासारख्या यंत्रात, जेथे थांबणे शक्यच नाही, तेथे एकही जागा अलिखित राहू देऊ नये. ही जबाबदारी प्रोसेसरची किंवा कर्नेलची नाही, ते लिहिणाऱ्या माणसाची आहे.

म्हणून जालन्याच्या तंत्रनिकेतनात आणि मराठवाड्यातील महाविद्यालयांत संगणकशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना माझी एक विनंती आहे. अमेरिकेतील एमआयटीने विद्यार्थ्यांसाठी तयार केलेली ‘एक्सव्ही६’ ही छोटी ऑपरेटिंग सिस्टीम विनामूल्य मिळते, आणि तिची रिस्क-फाइव्ह प्रोसेसरसाठीची आवृत्ती साध्या संगणकावर क्यूएमू या प्रोग्रॅममध्ये चालते. तिच्यातील ‘ट्रॅम्पोलिन’ ही असेंब्लीची फाइल दोनशे ओळींचीही नाही. ती एकदा ओळीने वाचा. प्रत्येक रजिस्टर कोठे ठेवले जाते आणि कोठून परत येते, हे कागदावर लिहून काढा. मग तिच्यातील एक ओळ मुद्दाम काढून टाका आणि प्रणाली कोठे व कशी अडते ते स्वतः पाहा.